नाशिक ते नागपूर विमानाने: अंतर किती, वेळ किती आणि दोन्ही स्वतः कसे काढावेत

नाशिकहून नागपूरला पहिल्यांदाच विमानाने जायचे ठरवलेला माणूस आधी संगणकावर दोन शहरांची नावे टाकून अंतर आणि वेळ विचारतो. एका ठिकाणी त्याला ५४५ किलोमीटर आणि १ तास ११ मिनिटे असे उत्तर मिळते, दुसरीकडे अंतर ५६६ किलोमीटर दिसते, आणि तिकिटावर सुटण्याच्या व पोहोचण्याच्या वेळांतले अंतर पावणेदोन तासांच्या आसपास निघते. यातला एकही आकडा चुकीचा नाही. प्रत्येक आकडा वेगवेगळ्या दोन बिंदूंमधला आहे, आणि ते बिंदू कोणते हे कुठेच सांगितलेले नसते.

काही वर्षांपूर्वी नागपुरातली दुपारी एकची बैठक ठरवताना मी असाच तासाभराचा आकडा धरला होता. नाशिकमध्ये घर सोडले तेव्हा सकाळचे साडेआठ वाजले होते आणि सीताबर्डीत टॅक्सीतून उतरलो तेव्हा दीड वाजला होता. विमान अगदी वेळेवर होते, तरीही पाच तास गेले होते. तेव्हापासून मी कुठलाही प्रवास ठरवताना आकडे स्वतः मांडतो. ती पद्धत पुढे क्रमाने देत आहे. उदाहरण नाशिक–नागपूरचे असले, तरी कोल्हापूर, नांदेड, जळगाव किंवा अन्य कोणत्याही प्रादेशिक विमानतळासाठी हीच पद्धत चालते.

पहिली पायरी: दोन्ही टोके निश्चित करा

शहर आणि त्याचे विमानतळ या दोन वेगळ्या जागा आहेत. नाशिकचे विमानतळ ओझरला आहे, आणि तेही मूळ प्रवाशांसाठी बांधलेले नाही. हिंदुस्थान एरोनॉटिक्स लिमिटेडच्या ज्या कारखान्यात मिग आणि पुढे सुखोई विमाने तयार झाली, त्या कारखान्याची ही धावपट्टी आहे. म्हणूनच जुनी माणसे अजूनही ‘ओझर मिग’ असेच म्हणतात. प्रवाशांचे टर्मिनल जानोरीच्या बाजूला आहे. मुंबई–आग्रा महामार्गाने जाणारे बहुतेक लोक ‘दहावा मैल’ नावाच्या ठिकाणाजवळ वळून जानोरीच्या रस्त्याला लागतात. शहराच्या मध्यापासून हे अंतर वीस किलोमीटरांहून थोडे अधिक भरते आणि ते नागपूरच्याच दिशेचे, म्हणजे ईशान्येकडचे आहे.

नागपूरचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळ सोनेगावला, वर्धा रस्त्यालगत, शहराच्या नैर्ऋत्य अंगाला आहे. म्हणजे दोन्ही विमानतळे आपापल्या शहरांपासून एकमेकांच्या बाजूला सरकलेली आहेत, आणि म्हणूनच शहराच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजलेले अंतर ५६६ किलोमीटर असले, तरी धावपट्टीपासून धावपट्टीपर्यंतचे अंतर सुमारे वीस किलोमीटरांनी कमी होते. शोधताना शहरांच्या नावांऐवजी विमानतळांचे तीन अक्षरी संकेत टाकावेत. नाशिकचा संकेत आयएसके आणि नागपूरचा एनएजी आहे.

दुसरी पायरी: हवाई अंतर कागदावर काढा

यासाठी गोलीय त्रिकोणमिती शिकण्याची गरज नाही. सहाशे-सातशे किलोमीटरांपर्यंतच्या अंतराला शाळेतले पायथागोरसचे प्रमेय पुरते. ओझरचे अक्षांश २०.१२ आणि रेखांश ७३.९१ अंश आहेत, तर सोनेगावचे अक्षांश २१.०९ आणि रेखांश ७९.०५ अंश आहेत. अक्षांशांतला फरक ०.९७ अंश येतो. अक्षांशाचा एक अंश जगात कुठेही जवळपास १११ किलोमीटरांचा असतो, म्हणून नागपूर ओझरपेक्षा सुमारे १०८ किलोमीटर उत्तरेला आहे. रेखांशांतला फरक ५.१४ अंश आहे, पण येथे थोडे थांबावे लागते, कारण रेखांशाच्या रेषा ध्रुवांकडे जवळ येत जातात आणि त्यांच्यातला एक अंश सर्वत्र सारखा राहत नाही. विषुववृत्तावर तो १११ किलोमीटरांचा असतो, तर आपल्या अक्षांशावर त्याला २०.६ अंशांच्या कोसाइनने, म्हणजे ०.९३६ ने गुणावे लागते आणि तो १०४ किलोमीटरांचा होतो. ५.१४ अंशांचे याप्रमाणे सुमारे ५३४ किलोमीटर होतात.

आता उत्तरेकडे १०८ आणि पूर्वेकडे ५३४ अशा दोन बाजू असलेल्या काटकोन त्रिकोणाचा कर्ण काढा. उत्तर ५४५ येते. संगणक ५४५ किंवा ५४६ दाखवतो. हा एका किलोमीटरचा फरक पृथ्वी पूर्ण गोल मानली की ध्रुवांशी किंचित चपटी मानली, यावरून पडतो आणि प्रवाशाने त्याची चिंता करू नये. हेच अंतर सागरी मैलांत २९४ होते, कारण एक सागरी मैल १.८५२ किलोमीटरांचा असतो. वैमानिक आणि हवाई वाहतूक नियंत्रक हाच मैल वापरतात. साध्या मैलांत ते ३३९ भरते. परदेशी संकेतस्थळांवर नुसते ‘मैल’ लिहिलेले असेल, तर कोणता मैल आहे हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

नागपूरच्या झिरो माइलच्या दगडावर हैदराबादचे अंतर ३१८ मैल कोरलेले आहे. त्याचे ५१२ किलोमीटर होतात. नकाशावर मात्र नागपूर आणि हैदराबाद यांच्यातले सरळ अंतर सुमारे ४२५ किलोमीटर येते. दगडावरचा आकडा रस्त्याचा आहे. ‘अंतर’ या एकाच शब्दात किती निरनिराळ्या गोष्टी मावतात, हे पाहायचे असेल तर त्या दगडापाशी उभे राहावे.

तिसरी पायरी: सरळ रेषेत थोडी भर घाला

ओझर ते सोनेगाव अशी रेषा नकाशावर आखली, तर ती मनमाडवरून अजिंठ्याच्या डोंगराजवळून पुढे बुलढाणा, खामगाव, अकोला आणि अमरावती यांच्या आसपासून जाते. विमान मात्र ही रेषा तंतोतंत धरत नाही. त्याला ठरवून दिलेल्या हवाई मार्गांनी आणि बिंदूंवरून जावे लागते, काही ठिकाणी लष्करासाठी राखलेले आकाश टाळावे लागते, आणि दोन्ही टोकांना धावपट्टीच्या दिशेशी जुळवून घ्यावे लागते.

हे शेवटचे कारण या मार्गावर फार स्पष्ट दिसते. ओझरची धावपट्टी जवळजवळ बरोबर पूर्व–पश्चिम आहे, आणि नागपूरची दिशा पूर्वेपासून बारा अंशांनी उत्तरेकडे आहे. विमान शक्यतो वाऱ्याला तोंड देऊन उड्डाण करते आणि उतरतेही तसेच. पूर्वेकडून वारा असेल तेव्हा ते उड्डाण करताच आपोआप नागपूरच्या दिशेला लागते. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून असतो, तेव्हा ते नागपूरकडे पाठ करून उडते आणि हवेत मोठे वळण घेऊन परत फिरते. नागपूरची धावपट्टी वायव्य–आग्नेय आहे. वारा वायव्येकडून असेल तर पश्चिमेकडून आलेल्या विमानाला विमानतळ ओलांडून आग्नेयेला जावे लागते आणि तिथून वळून उतरावे लागते. खिडकीतून शहर दिसू लागल्यावरही दहा मिनिटे विमान उतरत का नाही, असा प्रश्न नव्या प्रवाशाला पडतो. त्याचे कारण बहुधा हेच असते.

मी या सगळ्यासाठी पाच टक्के भर धरतो. ५४५ चे ५७२ किलोमीटर होतात आणि पुढचा हिशोब या आकड्यावर करावा.

चौथी पायरी: विमान कोणते आहे ते पाहा

ही पायरी वगळली तर बाकीची सगळी मेहनत वाया जाते. वर उल्लेख केलेली १ तास ११ मिनिटे कुठून आली ते आता सांगता येईल. काही संकेतस्थळे प्रत्येक विमान ताशी ५०० साध्या मैलांनी, म्हणजे ८०५ किलोमीटरांनी उडते असे धरतात आणि चढण्या-उतरण्यासाठी सरसकट अर्धा तास जोडतात. ३३९ मैलांना ४१ मिनिटे आणि वर ३०, म्हणजे ७१ मिनिटे. हा हिशोब जेट विमानाचा आहे. प्रादेशिक मार्गांवर मात्र अनेकदा एटीआर ७२ हे पंख्यांचे विमान असते आणि त्याचा हवेतला वेग ताशी सुमारे ५०० किलोमीटर असतो.

आरक्षण करताना उड्डाणाच्या तपशिलात विमानाचा प्रकार लिहिलेला असतो. तो ‘एटीआर’ असेल तर ५७२ किलोमीटरांना सुमारे ६९ मिनिटे लागतात. चढताना आणि उतरताना वेग कमी असतो, म्हणून त्यात दहा-बारा मिनिटे मिळवावीत. म्हणजे चाके जमीन सोडल्यापासून पुन्हा जमिनीला टेकेपर्यंत सुमारे ऐंशी मिनिटे होतात. ‘ए३२०’ हे जेट असेल तर ताशी ८०० किलोमीटरने ४३ मिनिटे आणि तीच दहा-बारा मिनिटांची भर, म्हणजे सुमारे पंचावन्न मिनिटे होतात. एकाच मार्गावर, एकाच अंतराला, केवळ विमान बदलल्याने पंचवीस मिनिटांचा फरक पडतो.

एटीआरमध्ये पहिल्यांदा बसणाऱ्यांसाठी थोडे अधिक सांगतो, कारण हे विमान अनेकांना अनपेक्षित वाटते. त्याचे प्रवाशांचे दार शेपटीकडे असते आणि पुढचे मोठे दार सामानाचे असते. त्यामुळे शेवटच्या रांगांतले प्रवासी आधी उतरतात. घाई असेल तर मागची जागा घ्यावी. पंखे पुढच्या रांगांच्या बाजूला येतात, म्हणून मागे आवाजही कमी असतो. डोक्यावरचे सामानाचे कप्पे लहान असतात आणि मोठ्या विमानात सहज बसणारी चाकांची बॅग येथे बसेलच असे नाही. विमानाचे पंख छताच्या उंचीवर असल्याने खिडकीखाली काहीच आड येत नाही, आणि ते जेटपेक्षा बरेच खालून उडत असल्याने स्वच्छ हवेत अजिंठ्याचे डोंगर आणि वऱ्हाडातली शेते निवांत पाहता येतात. नागपूरला जाताना डावीकडची खिडकी उत्तरेला असते. हिवाळ्यातल्या सकाळी त्या बाजूला ऊन डोळ्यांवर येत नाही, म्हणून मी तीच मागतो.

पाचवी पायरी: तिकिटावरची वेळ नीट वाचा

तिकिटावरची सुटण्याची वेळ ही विमान आकाशात झेपावण्याची नसते. ते उभ्या जागेवरून हलण्याची ती वेळ असते. पोहोचण्याची वेळही धावपट्टीला चाके टेकण्याची नसून विमान ठरलेल्या जागी येऊन थांबण्याची असते. या दोन क्षणांमधल्या काळाला विमान कंपन्या ‘ब्लॉक टाइम’ म्हणतात. त्यात दोन्हीकडचे जमिनीवरचे सरकणे, म्हणजे मिळून सुमारे पंधरा मिनिटे, आणि कंपनीने खबरदारी म्हणून राखलेली पाच-दहा मिनिटे येतात. एटीआरसाठी ऐंशी, पंधरा आणि पाच-दहा यांची बेरीज १ तास ४० ते १ तास ४५ मिनिटे होते. ए३२० साठी ती १ तास १५ ते १ तास २० मिनिटे येते. आपण काढलेला आकडा तिकिटावरच्या आकड्याशी दहा मिनिटांच्या आत जुळला, तर हिशोब बरोबर आहे असे समजावे.

भारतभर एकच प्रमाणवेळ असल्यामुळे दोन वेळांची वजाबाकी सरळ करता येते. सूर्य मात्र प्रमाणवेळ पाळत नाही. नागपूर ओझरच्या पाच अंश पूर्वेला आहे आणि एका अंशाला चार मिनिटे लागतात, म्हणून तिथे साधारण वीस मिनिटे आधी अंधार पडतो. संध्याकाळी पोहोचून पुढे गावाकडे गाडीने जायचे असेल, तर ही वीस मिनिटे लक्षात ठेवावीत.

विमानांची वेळापत्रके वर्षातून दोनदा बदलतात. उन्हाळी वेळापत्रक मार्चच्या शेवटच्या रविवारी सुरू होते आणि हिवाळी ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. प्रादेशिक मार्गांवर या बदलात वार, वेळ आणि विमानाचा प्रकार यांपैकी काहीही बदलू शकते, म्हणून शेजाऱ्याने सहा महिन्यांपूर्वी सांगितलेल्या वेळेवर विसंबू नये.

जाताना आणि येताना वेळ वेगळी का दिसते, हा प्रश्नही येथेच येतो. हिवाळ्यात मध्य भारतावर वरच्या थरात पश्चिमेकडून वारा असतो. तो ताशी ४० किलोमीटर धरला, तर नागपूरकडे जाणारे एटीआर जमिनीच्या तुलनेत ताशी ५४० किलोमीटरने जाते आणि परत येणारे ४६० ने. ५७२ किलोमीटरांना एकीकडे ६४ मिनिटे आणि दुसरीकडे ७५ मिनिटे लागतात. परतीच्या तिकिटावर दहा-अकरा मिनिटे जास्त दिसली, तर ती वाऱ्याची आहेत.

सहावी पायरी: घरापासून घरापर्यंत बेरीज करा

आता खरा आकडा. नाशिकच्या मध्यवर्ती भागातून ओझरपर्यंत ४५ मिनिटे. विमान सुटण्याआधी दीड तास विमानतळावर असावे, कारण सामान देण्याची खिडकी साधारण एक तास आधी बंद होते आणि विमानात चढण्याचे दार सुमारे पंचवीस मिनिटे आधी. विमानाचे १ तास ४० मिनिटे. उतरून सामान घेऊन बाहेर पडायला २५ मिनिटे. सोनेगावहून सीताबर्डीपर्यंत अर्धा तास. एकूण ४ तास ५० मिनिटे झाले, आणि यांपैकी हवेत आपण जेमतेम ऐंशी मिनिटे होतो. नागपूरच्या मेट्रोचे विमानतळ स्थानक वर्धा रस्त्यावर आहे, ते टर्मिनलच्या दारात नाही. त्यामुळे जड सामान असेल तर मेट्रोचा विचार करताना तेवढे अंतर आधी जोडून घ्यावे.

हा आकडा हाती आला की रेल्वे आणि रस्ता यांच्याशी तुलना करता येते. नाशिक रोड ते नागपूर हे लोहमार्गाचे अंतर सुमारे ६५० किलोमीटर आहे आणि गाडीनुसार दहा-अकरा तास लागतात. मात्र त्यांतली रात्र झोपेत जाते आणि स्थानक शहरातच असते. रस्त्याने समृद्धी महामार्गावरचे नागपूर ते शिर्डी हे ५२० किलोमीटर आणि पुढचे नाशिकपर्यंतचे सुमारे नव्वद, असे ६१० किलोमीटर सात ते आठ तासांत होतात. मध्य नाशिकमधल्या एकट्या प्रवाशाला विमानाने दोन ते तीन तास वाचतात आणि माझ्या मते ते पैसे मोजण्याजोगे आहेत. सिन्नरमधल्या चौघांच्या कुटुंबाने मात्र असे समजू नये. त्यांना समृद्धी जवळ आहे, आणि विमानासाठी आधी तासभर उलट दिशेला ओझरला जावे लागते. त्यांच्यासाठी फरक दीड-दोन तासांवर येतो आणि तिकिटांचा खर्च चौपट होतो.

ज्या दिवशी थेट विमान नसते, त्या दिवशी संकेतस्थळ हैदराबादमार्गे प्रवास सुचवू शकते. नाशिक–हैदराबाद सुमारे ५७३ आणि हैदराबाद–नागपूर सुमारे ४३३, म्हणजे ५४५ किलोमीटरांच्या जागी हजाराहून थोडे अधिक किलोमीटर, आणि मधला थांबा वेगळा. असे जायचेच असेल, तर दोन्ही उड्डाणे एकाच आरक्षणात घ्यावीत. वेगवेगळी तिकिटे काढली आणि पहिल्या विमानाला उशीर झाला, तर दुसऱ्या विमानाची जबाबदारी कोणी घेत नाही.

सातवी पायरी: उशीर झाला तर कोणता आकडा कामाला येतो

ब्लॉक टाइमचा आकडा नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांतही आहे, आणि तो माहीत असणे प्रवाशाच्या हिताचे आहे. अडीच तासांपर्यंत ब्लॉक टाइम असलेल्या उड्डाणाला दोन तास किंवा अधिक उशीर होणार असेल, तर वेळेवर हजर झालेल्या प्रवाशाला खाणे-पिणे देणे कंपनीवर बंधनकारक आहे. मुदतीत न कळवता उड्डाण रद्द केले, तर भरपाईची मर्यादाही याच आकड्यावर ठरते. एक तासापर्यंतच्या उड्डाणाला ५,००० रुपये, एक ते दोन तासांच्या उड्डाणाला ७,५०० आणि त्याहून लांबच्या उड्डाणाला १०,००० रुपये, किंवा एका बाजूचे मूळ भाडे आणि इंधन आकार, यांपैकी जे कमी असेल ते मिळते. नाशिक–नागपूर मधल्या गटात बसते. खराब हवामानासारखे कंपनीच्या हाताबाहेरचे कारण असेल, तर ही भरपाई मिळत नाही.

प्रादेशिक मार्गावरचे एकच विमान दिवसभरात अनेक फेऱ्या करते आणि सकाळी झालेला उशीर संध्याकाळपर्यंत पुढच्या फेऱ्यांना लागतो. म्हणून महत्त्वाच्या कामासाठी दिवसातले पहिले उड्डाण निवडावे. डिसेंबर-जानेवारीत नागपूरला पहाटे धुके पडू शकते, तेवढा अपवाद लक्षात ठेवावा. निघण्याआधीचे आठ-दहा दिवस फ्लाइटरडार २४ सारख्या संकेतस्थळावर त्याच क्रमांकाचे उड्डाण प्रत्यक्षात केव्हा सुटले आणि केव्हा पोहोचले हे पाहून ठेवावे. वेळापत्रकापेक्षा ही नोंद मला अधिक भरवशाची वाटते.

परतीचा प्रवास संध्याकाळचा असेल, तर ओझरहून शहरात येण्याची गाडी नागपूर सोडण्यापूर्वीच ठरवून ठेवावी. उशिरा टर्मिनलबाहेर रिक्षा किंवा भाड्याची गाडी मिळेलच असे नाही, आणि जानोरीच्या रस्त्यावर त्या वेळी वर्दळ फार नसते. गाडीवाल्याला तिकिटावरची पोहोचण्याची वेळ न सांगता त्यापुढची पंचवीस मिनिटे धरून बोलवावे, म्हणजे तो उगाच ताटकळत नाही आणि आपणही बॅगा घेऊन दाराशी उभे राहत नाही.